वळणावरचा काळा दोरा

२००९ साली आमच्या गल्लीत दोरेबाबांच्या दारापुढे गाड्यांची रांग लागली. निमित्त झालं डॉक्टरांच्या नव्या गाडीचं. डोंगरातल्या ओल्या वळणावर ती घसरली, दरीकडे निघाली आणि कोणी खांदे धरून वळवावी तशी आपणहून सरळ झाली. स्टिअरिंगला बाबांचा काळा दोरा होता. झालं!

"हा दोरा चाकांचे कान पिळतो," बाबा गरजले. "वेग वाढवा, शंका कमी करा!"

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

"ब्रेक अश्रद्धांसाठी, बाई."

माझा धाकटा भाऊ चिमण टॅक्सी चालवायचा. गाडी माझ्या लग्नाआधीची. तिलाही दोरा बांधला गेला. भावजय हसली, "दोऱ्याने गाडी आवरते, मग नवरा का आवरत नाही?"

चिमण म्हणाला, "ताई, हिला सांग, देवाची थट्टा बरी नाही."

पूर्वी ते वळण तो दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न देत घ्यायचा. दोरा आल्यापासून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलेना. एका ओल्या सकाळी टॅक्सी कठड्यावर आदळली. चिमण गेला.

बाबा भेटायला आले आणि म्हणाले, "दोरा खोटा नव्हता. घरात कोणीतरी हसलं."

भावजयीने अन्न सोडलं. "मीच मारलं त्यांना," एवढंच बोलायची.

माझी मुलगी कॉलेजात मोटारींचं तंत्र शिकवायची. तिने डॉक्टरांची गाडी मागून घेतली, मोकळ्या मैदानात साबणाचं पाणी ओतलं आणि गल्ली गोळा केली. आधी दोरा सोडून तिने वेगात स्टिअरिंग फिरवलं. समोर पिवळा दिवा लुकलुकला, गाडी सावरली. मग मूठभर दोरे बांधून तिने एक बटण दाबलं. गाडी भोवऱ्यासारखी गरगरली.

"दोरे कमी पडले वाटतं!" कोणीतरी ओरडलं. बाबा घाम पुसत राहिले.

"मामी, बघ," मुलगी म्हणाली. "स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरी कुठे चाललीय, हे गाडीतलं यंत्र सतत ताडून बघतं. फरक पडला की नेमक्या चाकाला ब्रेक लावतं, इंजिनचा जोर कमी करतं. ते मी बटणाने बंद केलं. तुझ्या हसण्याचा काही संबंध नाही."

"ह्यांच्या गाडीत ते होतं?"

"नव्हतं, मामी. आणि असतं तरी अति वेगापुढे त्याचंही चालत नाही."

"म्हणजे नुसते हळू गेले असते तर..."

ती तिथेच खाली बसली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

बाबा त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. दुसरीकडे दुकान मांडल्याचं ऐकलं. डॉक्टर निवृत्त झाले. मुलगी परगावी अजून शिकवते. तुमच्या गाडीत काय आहे नि काय नाही, ते जाणत्याला विचारा, बाबाला नको. आणि वळणावर पाय उचला. भावजय पुन्हा जेवू लागली, पण हसली नाही. गेल्या वर्षी तीही गेली.