आत्याबाईंचा बराबर फोटो

सोमवारी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं होतं, पोटातली गाठ काढायला, आणि त्यांनी एकच धोशा लावला होता. "आधी माझा फोटो भिंतीवर लावा. मंग मी गाडीत बसते."

कसला फोटो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. हार घालायचा. माणूस गेल्यावर घरात पळापळ होते आणि घाईघाईत कुठलातरी फोटो मोठा करून आणतात, ते त्यांना नको होतं. त्यांना तो जिवंतपणी, स्वतःच्या डोळ्यांनी बघून पसंत करायचा होता. "माझ्या मागं तुमी काय टांगसाल ते मी बघायला येणार हाय का?" त्या म्हणाल्या. मला तरी यात वावगं काही दिसलं नाही. साधं लुगडं घेतानाही बाई दुकानात चार घड्या मोडून बघते.

पटलं नाही ते आमच्या सरांना. सर म्हणजे माझा नवरा, धम्मानंद. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, सगळं कळमनुरी त्यांना सर म्हणतं म्हणून मीही म्हणते, चिडले की जरा जास्तच. दोन हजार सात साल होतं ते. त्या आठवड्यात सरांच्या पायाला भिंगरी लागली होती. चहा उभ्यानं, जेवण अर्धं, मधेच उठून रिपोर्टची पिशवी उघडायची, पुन्हा बांधायची. मायनं फोटोचं नाव काढलं की हे अंगणात. मीही काही शांत नव्हते. माझं चित्त थाऱ्यावर नसलं की मी भांडी आपटते, आणि त्या आठवड्यात आमच्या घरातून फार आवाज गेला असणार.

फोटो काढणं तसं सोपं गेलं. माझ्या भावाचा डिजिटल कॅमेरा घरात होता. आत्याबाई ओसरीत बाजेवर बसल्या, डोक्यावर पदर घेतला आणि सरळ समोर बघितलं. कपाळावर गोंदलेली बारीक चंद्रकोर, तिच्याखाली ठिपका, हनुवटीवर आणखी एक. ऊन तोंडावर होतं म्हणून एक डोळा किंचित बारीक. संगणकावर उघडला तेव्हा मी म्हटलं, झालं, आता छापा. घरात प्रिंटर होता. सरांनी हौसेनं आणला होता आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर माझा चांगला टॉवेल घातला होता.

"घरचं काम कच्चं असतं," सर म्हणाले. "रंग बराबर येत न्हाईत. स्टुडिओतूनच आणतो." आणि सीडी घेऊन हिंगोलीला गेले.

संध्याकाळी फोटो आला, फ्रेमसकट. आत्याबाईंनी तो दाराच्या उजेडात धरला. मागे गुलाबांची बाग होती, जी आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिली नसेल. गाल गव्हाळ झालेले, सुरकुत्या गायब. कपाळ तर नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखं, कुठे काही नाही.

"फोटो चांगला हाय," त्या म्हणाल्या. "बाई कोन हाय?"

सरांनी जवळ येऊन बघितलं. "चेहरा साफ करून दिला असंल त्यानं."

"गोंदण कुठं गेलं?"

आत्याबाईंनी अंगठ्यानं काच घासून बघितली, जणू गोंदण धुळीखाली असेल. "तुझा बाप गेला तवा बायांनी माझं कुंकू पुसलं. गोंदणाला कुनाला हात लावता आला न्हाई. माही माय म्हनायची, समदं हितंच ऱ्हातं, गोंदण तेवढं संगं येतं. अन् या बाबानं तेच खोडलं."

"माय, आपण असलं काही मानतो का?" सर म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य असलं काही न मानण्यात गेलेलं. शाळेत पोरांसमोर उताऱ्याचं लिंबू कापून त्याचं सरबत पिणारा माणूस.

"न्हाई मानत," आत्याबाई म्हणाल्या. "पर कपाळ माझं हाय का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी मीच हिंगोली गाठली. सर म्हणाले होते, राहू दे, आल्यावर बघू, पण मी ऐकण्यातली नव्हते. स्टुडिओतला माणूस मोठा अदबशीर. "भाभी, चेहरे पे काले दाग थे, वो निकाल दिये," म्हणाला. सगळ्यांचे काढतो म्हणे, गोरं करतो, पुरुषमाणूस असेल तर कोट घालतो. आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही.

"ज्याचा फोटो तो कशाला तक्रार करायला येईल?" मी म्हटलं.

तो ओशाळला. कपाळावर होतं तसं करून द्या, असं मी त्याला बजावलं आणि बाकावर बसून राहिले. त्यानं पाकीट दिलं, सुटायच्या बेतात असलेली गाडी मी पळत पकडली आणि गाडीत ते उघडलं. गोरं कपाळ तसंच. त्यावर मधोमध, चांगली ठसठशीत, लाल टिकली.

मला रडावं की उतरून परत जावं कळेना. दुकानातच बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? वाटभर स्वतःलाच शिव्या घालत आले. घरी मात्र आत्याबाई तो फोटो बघून हसायला लागल्या, पोट धरून. "तुझ्या मामंजींला जाऊन किती सालं झाली, अन् ह्यानं मला पुन्यांदा नवरी केली." हसता हसता त्यांना कळ आली. मग त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मी नांदेडला येत न्हाई, शीतल. तुमी तिकडं कळवून टाका."

त्या नुसतं म्हणत नव्हत्या, हे मला कळलं. सरांनाही कळलं. गाठ थांबणार नव्हती.

रविवार उजाडला. आता घरच्या प्रिंटरशिवाय इलाज नव्हता. सकाळी लाइट होती, तर सर म्हणाले, आधी कपडे भरू. कपडे भरेपर्यंत लाइट गेली. भारनियमनाच्या दिवसांत तिचा काय भरवसा. दुपारी आली तेव्हा सर प्रिंटरसमोर बसले, उठले, पाणी प्याले, पुन्हा बसले. म्हणाले, कागद जाड आहे, अडकेल. थोड्या वेळानं म्हणाले, शाई वाळलेली दिसते. मग म्हणाले, हे बघ, काहीच येत नाही.

मला संशय आला. पहाटेच मी त्या प्रिंटरवर, शाई चालते का बघायला, एक साधा कागद काढला होता, न सांगता, आणि तो लख्ख आला होता. मागे जाऊन पाहिलं तर प्रिंटरची वायर संगणकातून काढून ठेवलेली.

मी ती हातात धरली आणि सरांकडे बघितलं. माझी जीभ तयारच होती. लिंबू कापणारे सर, आणि आता हे काय? पण त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"मला न्हाई होत, शीतल," ते म्हणाले. "आपल्या हातानं मायचा हाराचा फोटो काढायचा, अन् सकाळी तिलाच गाडीत बसवायचं. काही झालं तर? मला माहीत हाय काही संबंध नसतो. समदं माहीत हाय. तरी बोट पुढं जात न्हाई."

"मला वाटलंच व्हतं," मागून आवाज आला. आत्याबाई दारात उभ्या होत्या, चौकट धरून. किती वेळ, कोण जाणे. सर उठायला लागले तर त्यांनी हातानंच बसवलं. मग भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडे बोट केलं.

तो फोटो स्टुडिओतच झालेला. मामंजी गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता; कुठल्याशा कार्यक्रमाच्या घोळक्यातून त्यांचं डोकं काढून एका कोट-टायवाल्या धडावर बसवलेलं. जन्मभर बंडी घालून लोकांच्या शेतात राबलेला माणूस, फोटोत साहेब दिसत होता. आम्हाला सवय झाली होती. मी तर लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना तसंच पाहिलेलं.

"मी रोज याच्यापुढं मेणबत्ती लावते," आत्याबाई म्हणाल्या. "लावता लावता तुझ्या बापाचं खरं तोंड माझ्या ध्यानातून गेलं, धम्मा. डोळे मिटले तरी हा कोटवालाच पुढं येतो. लई तकलीफ व्हते. वाकून खुरपायचे तवा कसे दिसायचे, ते आता मला याद येत न्हाई. तीस साल संसार केला मी त्यांच्यासंगं. तुझंबी तसंच व्हईल. तू रोज त्या टिकलीवालीपुढं हात जोडशील, अन् दोन-चार सालात मी पुसून जाईन. मला मरायचं भ्या न्हाई. याचं हाय."

सर रडले. आवाज न करता, खाली मान घालून. आत्याबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही की समजूत काढली नाही. शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "चाल. लाइट जाईल."

मी वायर जोडली. सरांनी बटण दाबलं.

आमचा प्रिंटर फार सावकाश चालायचा, करकर करत, ओळीमागून ओळ. आधी पदराची किनार आली. मग कपाळ, चंद्रकोर, ठिपका. मग तो बारीक झालेला डोळा. रंग थोडा लालसर होता, हनुवटीजवळ एक पांढरी रेघ होती. मागे गुलाब नव्हते, आमच्या ओसरीची पोपडे गेलेली भिंत होती. आत्याबाईंनी कागद दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघितला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता मेले तर मीच मेले आसं व्हईल."

सोमवारी त्या गाडीत बसल्या. ऑपरेशन झालं, पण नंतर ताप चढला तो उतरलाच नाही. आत्याबाई घरी आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, गाठ फार पसरलेली होती. माझ्या मनात मात्र यायचं, वायर जोडली ती मीच.

पुण्यानुमोदनाला घर भरलं. बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली आत्याबाईंचा फोटो ठेवला होता, काच बसवायची राहून गेली होती. वंदना झाली, लोक एकेक करून येत, फूल ठेवत, हात जोडून बाजूला होत. मग जवळा बाजारहून आलेली मिराबाई पुढे झाली. ती आत्याबाईंची माहेरची मैत्रीण. दोघींनी लहानपणी आठवडी बाजारात एकाच बाईसमोर बसून गोंदून घेतलं होतं. तिच्या कपाळावरही तीच चंद्रकोर. तिनं फूल ठेवलं नाही. ती फोटोपुढे मांडी घालून बसली आणि चक्क भांडायला लागली.

"काहून गं पंचफुले, सांगून जाता येत नव्हतं? दिवाळीला येते म्हनली व्हतीस न्हाय का? अशी काय बघून राहिली? सुई टोचली तवा तूच रडली व्हतीस, मी न्हाई."

बोलता बोलता तिनं डोळे पुसले आणि तेच ओलं बोट फोटोतल्या कपाळावरून फिरवलं. घरच्या प्रिंटरची शाई ती. चंद्रकोर एका बाजूनं पसरली. एवढ्या खटाटोपानं आणलेलं ते गोंदण. मी तिचा हात धरायला उठले, तर सरांनी माझं मनगट पकडलं.

"राहू दे," ते म्हणाले. "ती मायशी बोलून राहिली."