आधी वाढायचं कुणाला?

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या घरात दोन कुत्र्या होत्या, थोरली आणि धाकटी. थोरली तेरा वर्षांची, तोंडावर पांढरं उतरलेली. धाकटी दोन वर्षांची, अंगात वारं भरल्यासारखी. रोज सकाळी मास्तरांना प्रश्न पडायचा तो एकच: वाडगं आधी कुणापुढे ठेवायचं?

खरं तर कुत्र्यांनी ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. थोरली आपणहून मागे सरकली होती. धाकटी आली की ती दारातून बाजूला व्हायची, मान वळवायची आणि तिचं खाऊन होईपर्यंत भिंतीला टेकून पडून राहायची. दुपारी दोघी एकाच उन्हाच्या पट्ट्यात झोपायच्या.

मास्तरांना ते बघवेना. काल आलेली पोर म्हातारीच्या आधी तोंड घालते म्हणजे काय, असं पुटपुटत ते धाकटीला मागे ओढत, थोरलीला उचलून पुढे बसवत आणि वाडगं तिच्या नाकाखाली सरकवत. थोरली खात नसे. चोरट्या नजरेनं धाकटीकडे बघे आणि मान खाली घाले. मास्तर हळहळत, किती दबून गेली बिचारी.

मास्तरांचंही एक दुखणं होतं. शिंप्याच्या दुकानात कापड कापतो तो मास्तर, बाकीचे नुसते शिवतात. पण वयानं मास्तरांचे हात थरथरू लागले, एका गिऱ्हाइकाचा कोट वाकडा कापला गेला आणि मुलानं काही न बोलता कात्री आपल्याकडे घेतली. बापाच्या वाट्याला काज-बटणं आली. गिऱ्हाइकं अजून ‘मास्तर’ म्हणत, तेव्हा ती हाक त्यांना सुईसारखी टोचे. मुलाशी ते कामापुरतंच बोलत.

एका सकाळी थोरलीला पुढे बसवून ते चष्मा आणायला आत वळले आणि धाकटी तिच्यावर तुटून पडली. मुलानं धावत येऊन सोडवलं, तोवर थोरलीची मान रक्तानं भिजली होती. तिनं उलटून एक दातही लावला नव्हता.

जनावरांच्या दवाखान्यात टाके घालता घालता डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. धाकटीला आजच्या आज कुठंतरी लांब सोडून येतो, घरात असली गुंड नको, असं मास्तर तावातावानं सांगत होते.

“ती गुंड नाही, काका,” बाई म्हणाल्या. “म्हातारीनं जागा दिली होती, तिनं घेतली होती. दोघींचं मिटलं होतं. तुम्ही रोज हिला धरून पुन्हा तिच्यासमोर उभं करत होतात. भांडण तुम्ही लावलंत.”

“म्हणजे म्हातारं झालं की कोपऱ्यात पडायचं?”

“कोपऱ्यात टाका असं कोण म्हणतंय? हिला वेगळं, निवांत खाऊ द्या. ऊब द्या. पण पुढे बसव म्हणून ही कधी आली होती का तुमच्याकडे?”

थोरलीचे पाय धरून उभा असलेला मुलगा खाली बघतच म्हणाला, “बाबा, कात्री मी घेतली ती तुमचं बोट जाईल या भीतीनं. सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही.”

बापानं त्याच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं!

धाकटी घरातच राहिली. मास्तर आता तिला आधी वाढत, मग आतल्या खोलीत दार लोटून थोरलीला हातानं भरवत. पण म्हातारं अंग, जखम चिघळत गेली. नवव्या दिवशी थोरलीनं घास घेतला नाही. संध्याकाळी ती गेली.

खड्ड्यावर माती लोटताना मास्तर मुलाला म्हणाले, “मी तिचा कैवार घेत नव्हतो रे. माझाच घेत होतो. आणि टाके तिला पडले.”

मुलानं त्यांच्या हातातलं फावडं घेतलं. त्यांनी ते घेऊ दिलं.

वाचकहो, आपल्या घरातही कुणी थोरलं आपणहून मागे सरतं, कुणी धाकटं पुढे येतं. मध्ये हात घालण्याआधी घटकाभर शेजारी बसून त्यांचं त्यांनी काय ठरवलंय ते बघावं. दुबळ्याला आधार जरूर द्यावा, पण आपली हरलेली लढाई त्याला लढायला लावू नये. तो आपल्याला नाही म्हणू शकत नाही.