आधी भावोजींचं, मग माझं

आमच्या मागच्या न्हाणीघरात कुणी अंघोळ केल्याला वर्ष लोटलं असेल. तिथे माझ्या आणि भावोजींच्या बिअरच्या बादल्या आंबत असतात. सासूबाईंना ते न्हाणीघर परत हवं होतं. शेवटी त्यांनीच पैज लावली. पुढची बिअर माझ्या नणंदेला प्यायला द्यायची. तिनं दुसरा ग्लास मागितला तर न्हाणीघर आमचं, नाहीतर बादल्या भंगारात. नणंद स्वतः बार चालवते. घरात केलेल्या किंवा घरात आलेल्या कशाचंच तिनं आजवर कौतुक केलेलं नाही. मी घरात आले तेव्हाही नाही.

बिअर आंबवायला आम्ही दोघं वेगवेगळं यीस्ट वापरतो. भावोजींचं यीस्ट लाडावलेलं. पिकल्या केळ्याचा असा वास देतं की जीव हरखून जावा, पण अर्ध्यात दमून तळाशी बसतं आणि बिअर सरबतासारखी गोड राहते. माझं यीस्ट राबणारं. साखरेचा कण मागे ठेवत नाही, पण वास म्हणाल तर धुतलेल्या भांड्याचा.

"दोन्ही एकत्र घालू," भावोजी म्हणाले.

"एका म्यानात दोन तलवारी," मी म्हणाले. पण घातली.

व्हायचं तेच झालं. माझ्या यीस्टनं सगळी साखर फस्त केली आणि केळ्याचा वास औषधालाही उरला नाही.

"वहिनी, राग मानू नका," भावोजी ग्लास खाली ठेवत म्हणाले, "पण तुमचं यीस्ट तुमच्यावर गेलंय. दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही."

राग मी मानलाच. दिवसभर भांडी आपटली. आपटता आपटता लक्षात आलं, की माणूस खरं बोलला होता. वास येतो तो सुरुवातीच्या धामधुमीत, आणि तेव्हाच माझं यीस्ट मध्ये घुसत होतं.

पुन्हा माल्टचं, म्हणजे मोड आलेल्या जवाचं, गोड पाणी उकळलं. या खेपेला गार झालेल्या गोड पाण्यात फक्त भावोजींचं यीस्ट घातलं. बादलीवर फेस चढला, घरभर केळी दरवळली, आणि मी हात बांधून बसले. मला हे किती जड गेलं ते माझ्या नवऱ्याला विचारा. फेस बसायला लागला तेव्हा माझं यीस्ट काढलं. तेही फ्रिजमधून झोपेत नाही, बरणीत थोडं गोड पाणी पाजून, चांगलं फसफसायला लावून. उशिरा जेवायला येणाऱ्यानं भूक तरी घेऊन यावं. उरलेली साखर त्यानं निमूट संपवली.

नणंद आली. मी बाटली उघडली. तिनं वास घेतला, घोट घेतला. ग्लास रिकामा करून ती उठली आणि सरळ आत गेली.

"मागितला नाही हं तिनं," सासूबाई म्हणाल्या.

न्हाणीघरातून बाटली उघडल्याचा आवाज आला. "मागत कोण बसतंय," नणंद आतून म्हणाली. "आई, तुझा ग्लास आण. आणि वहिनीला विचार, माझ्या बारसाठी किती करून देईल."

भावोजींनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी खोकले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मी ग्लास घेऊन निघाले, तर न्हाणीघराच्या दारात सासूबाई आणि मी एकदमच पोचलो. त्यांच्या हातातही ग्लास होता.

मी बाजूला झाले. "आधी तुम्ही," मी म्हणाले.