उजवीकडून सुरू होणारी वही

मित्रांनो, जरा हळू उघडा मला. माझी शिवण आता जुनी झाली आहे, कोपरे दुमडले आहेत, आणि मी मुळातच एक भित्री चित्रवही आहे. कुणी हात पुढं केला की आजही मी अंग चोरते. का चोरते, ते ऐका आणि मग मला हसायचं तर हसा.

माझा जन्म छावणीच्या बाजारातल्या शफीभाईंच्या बांधणीच्या दुकानात झाला. लग्नपत्रिकांच्या कागदाचे उरलेले तुकडे, दोन काळे पुठ्ठे आणि मेण लावलेला दोरा, एवढीच माझी मिळकत. शफीभाईंच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उर्दू किताबांची बांधणी चालत आली होती. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, कचेऱ्यांतली उर्दू दप्तरं गेली, मराठी रजिस्टरं आली, तरी त्या घरच्या हातांची सवय काही सुटली नाही. उर्दू पुस्तक उजवीकडून सुरू होतं. त्यामुळं शफीभाईंनी मलाही तशीच शिवली.

त्यांची लेक ताहेरा अकरावीत होती. तिनं मला हातात घेतलं आणि उडीच मारली. "अब्बा, ये तो एकदम मांगा की किताब हो गई!"

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. त्याही उजवीकडूनच वाचतात. शफीभाईंना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. लेक खूश झाली ना, मग झालं तर! ते आपले खळ ढवळत बसले.

ताहेरानं माझ्या चोवीस पानांवर नसीम नावाच्या एका मुलीची गोष्ट काढली. नसीम इतकी लाजरी की घरी पाहुणे आले की गोधड्यांच्या चळतीमागं जाऊन बसायची. शेवटच्या पानावर तीच नसीम चिकलठाण्याच्या विमानतळावर माइकसमोर उभी राहून सूचना देते. चौकटी उजवीकडून डावीकडं, आणि फुग्यांमधले बोल मात्र मराठीत. सहा महिने ती पोर माझ्यावर वाकलेली असायची. किती वेळा खोडलं, किती वेळा काढलं! माझा कागद पातळ झाला, पण मी हूं की चूं केलं नाही. नसीमचे डोळे जमले तेव्हा तिच्याइतकीच मीही हरखले होते.

सांगायला वाईट वाटतं, पण एक चूक तिचीही झाली. तिनं पानांना आकडेच घातले नाहीत. पुठ्ठ्यावरही काही लिहिलं नाही. नाव घातलं ते आतल्या पहिल्या पानावर.

त्याच वर्षी छावणीतल्याच एका वाचनालयानं हातानं काढलेल्या मांगांची स्पर्धा ठेवली. परीक्षक होते बद्रीनाथ सर. चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले, गोष्टीतलं पात्र खरं की खोटं हे चटकन ओळखणारे. त्यांनी हे काम फार मनावर घेतलं होतं. महिनाभर घरी बसून त्यांनी ॲनिमे पाहिले, म्हणजे जपानी कार्टून मालिका. वहीत टिपणं काढली. पण पडद्याला कुठं आलंय डावं नि उजवं? छापलेला मांगा त्यांनी कधी हातातच घेतला नव्हता.

मला द्यायला निघाली त्या सकाळी ताहेरा शफीभाईंना म्हणाली, "अब्बा, सगळे नुसतं चित्रं छान, चित्रं छान म्हणतात. नसीम खरी वाटते का, हे कुणीच सांगत नाही. सर सांगतील. ते जमलं नाही म्हणाले, तर ही वही रद्दीत. पुन्हा पेन्सिल हातात धरणार नाही."

"ऐसा नक्को बोल, बेटा," शफीभाई म्हणाले. पण ताहेरा बोलायची कमी आणि बोललेलं करायची फार. माझं तर धाबंच दणाणलं. रद्दी म्हणजे काय ते मला विचारा! त्या दुकानाच्या कोपऱ्यातून माझ्या कितीतरी बहिणी भेळेच्या गाडीवर गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

वाचनालयात कडूबा नावाचे शिपाई सगळ्या वह्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. बाकीच्या मुलांनी डावीकडून सुरुवात केली होती. माझे दोन्ही पुठ्ठे सारखेच काळे. कडूबांनी मला इतरांसारखी धरली आणि माझ्या पाठच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी ठोकून दिली. अहो, तो शेवट आहे, शेवट! मी आतल्या आत ओरडले. पण वहीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

सरांनी चिठ्ठी पाहिली आणि मला तिथूनच उघडलं.

मित्रांनो, त्या दोन तासांत माझे काय हाल झाले म्हणून सांगू! सरांना आधी दिसली ती माइकसमोरची धीट नसीम. मग पान उलटेल तशी ती मिटत गेली, गप्प होत गेली, आणि अखेर गोधड्यांमागं जाऊन बसली. संवादात आधी उत्तर यायचं, मग प्रश्न. सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यांनी पेन्सिलीनं माझ्या समासात लिहिलं, "का?" पुढं पुन्हा, "का?" असे अकरा "का?" माझ्या अंगावर उमटले. शेवटी कथेचं नाव आलं, तेव्हा तरी त्यांना कळेल अशी मला आशा होती. पण ॲनिमेत नावं शेवटीही येतात, तसंच हेही असेल, असं सरांनी धरलं आणि मला मिटलं. माझी उरलीसुरली आशाही मावळली.

रविवारी दुपारी निकाल होता. सभागृहात मुलं, त्यांचे आईबाप, गरगरणारे पंखे. तिसऱ्या रांगेत ताहेरा आणि शेजारी इस्त्रीचा सदरा घालून शफीभाई. मी टेबलावर सगळ्यांत वर होते.

सरांनी मला उचललं. "चित्रांचा हात फार चांगला," ते म्हणाले. "पण पोरांनो, मी तीन गोष्टी बघतो. पात्राला सुरुवातीला काय हवंय, शेवटी त्याला काय मिळतं, आणि मधे ते कशामुळं बदलतं. ही नसीम सुरुवातीला इतकी धीट, आणि शेवटी लपून बसते. बदलू द्या की! माणसं खचतातही. पण का खचली, ते कुठंच नाही. ह्या पात्राचा विकास झालेला नाही, त्याची नुसती पडझड झालीय. हे काही जमलेलं नाही."

जमलेलं नाही! संपलं. माझ्या डोळ्यांसमोर भेळेची गाडी उभी राहिली.

ताहेरा पांढरीफटक पडली. ती अर्धी उठली, बसली. पुन्हा उठली. शफीभाईंनी तिच्याकडं पाहिलं, पण सरांसमोर त्यांनी तरी कसं बोलायचं? सरांनी मला बाजूला ठेवलं आणि दुसरी वही घेतली. बोल गं बाई, बोल, मी मनात घोकत होते. तुला नाही तर कुणाला बोलता येणार आहे?

"सर..." आवाज इतका बारीक की पंख्यात विरला. मग पुन्हा, "सर, ते उलटं आहे."

"काय उलटं?"

"तुम्ही... तुम्ही गोष्ट शेवटाकडून वाचलीत. मांगा उजवीकडून वाचतात. उर्दूसारखा."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. दारातून कडूबा म्हणाले, "आवं, पण चिठ्ठी तर म्या पयल्याच पुठ्ठ्यावर लावली व्हती की!"

सरांनी मला हातात घेतलं, फिरवलं, दुसरा पुठ्ठा उघडला. त्यांचे कान लाल झाले. दुसरा एखादा असता तर पोरीलाच ओरडला असता. सर म्हणाले, "चुकलो मी. सगळे जरा थांबा, मला हे वाचायचंय."

आणि भर सभेत, शंभर माणसं ताटकळत असताना, त्यांनी मला पहिल्या पानापासून वाचलं. खिशातून खोडरबर काढलं आणि एकेक "का?" पुसत गेले. एक गेला, दोन गेले, दहा गेले. माझ्या अंगावरचं ओझं उतरत होतं. अकराव्यापाशी मात्र त्यांचा हात थांबला. त्यांनी पान पुढं उलटलं, मागं उलटलं. तो "का?" तसाच राहिला. झालं, माझा जीव पुन्हा टांगणीला!

"पोरी," सर म्हणाले, "नसीम खरी आहे. मला ती दिसली. पण इथं बघ. ह्या पानावर ती गोधड्यांमागं आहे आणि पुढच्या पानावर एकदम मुलाखतीला उभी राहून बोलतीय. ती पहिल्यांदा तोंड उघडते ते पान कुठंय? सगळी गोष्ट त्याच पानासाठी आहे, आणि तेच नाही. का नाही काढलंस?"

ताहेराच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत चुरगळलं होतं. "काढून बघितलं होतं, सर. चारदा. खोटं वाटत होतं. म्हणून फाडलं." ती थांबली. "मला माहीतच नव्हतं ना, अशी मुलगी उठून बोलते तेव्हा तिला काय होतं ते."

"आणि आता?" सरांनी विचारलं.

ताहेरानं इकडं तिकडं पाहिलं. सगळे बसले होते, आणि त्या शंभर माणसांत ती एकटी उभी होती. तेव्हा कुठं तिच्या ते ध्यानात आलं. "आता माहीत आहे, सर," ती म्हणाली.

बक्षीस दुसऱ्या मुलाला मिळालं. अपुऱ्या गोष्टीला पहिला नंबर देणार नाही, असं सरांनी स्पष्ट सांगितलं, आणि गंमत म्हणजे ताहेराला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. त्या आठवड्यात शफीभाईंनी माझी शिवण उसवली आणि मधे एक नवं पान घातलं. सुई टोचली तेव्हा मी कळवळले, खोटं कशाला बोलू? त्या पानावर एकच चौकट आहे. सगळे बसलेत, नसीम एकटी उभी आहे, मुठीत ओढणी आहे, तोंड उघडलंय, आणि फुगा अजून रिकामा आहे. बद्रीनाथ सर ते पान बघायला मुद्दाम दुकानात आले होते. तो अकरावा "का?" त्यांनी तिथंच पुसला. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

ताहेरा आता मोठी झाली आहे. तिच्या कितीतरी वह्या भरल्या. मी कपाटात असते, अधूनमधून तुमच्यासारखी मुलं येतात आणि मला चाळतात. मित्रांनो, मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, माझ्यात चुका आहेतच. फक्त मी कुठून सुरू होते, तेवढं आधी विचारा. आणि एखादी भित्री पोर तुमच्या समोर अर्धवट उठली, तर लगेच दुसरी वही हातात घेऊ नका. दोन क्षण थांबा.