पाणी लागलं!

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. गाणी वाजवणारी नव्हे, विहिरीचं पाणी मोजणारी. माझ्या टोकाला पितळेचं वजन आहे, खालून पोकळ, उलट्या वाटीसारखं. ते पाण्याला टेकलं की ‘टुब्ब’ असा आवाज होतो. तेवढंच माझं बोलणं. पण त्यावर हंगामाचा अंदाज ठरायचा, म्हणून थोडी ऐट मलाही होती.

पाऊस किती पडेल ते आभाळवाले सांगत, नदीला किती पाणी राहील ते पुलावरचे. जमिनीच्या पोटात काय आहे ते मात्र मला विचारावं लागे. खाली किती शांत असतं म्हणून सांगू! वर बघावं तर आभाळ बशीएवढं. मागच्या वर्षी पडलेला पाऊस दगडांतून झिरपत, रमतगमत, आत्ता कुठे पोचत असतो. त्याच्याशेजारी लोंबता लोंबता मला डुलकी लागायची.

मला खाली सोडायचे ते मापकाका. डोळे मिटून, कान लावून उभे राहायचे आणि ‘टुब्ब’ झालं की मला जागच्या जागी धरायचे. सगळे म्हणत, कान असावा तर काकांसारखा!

पुढे तो कानच गेला. मी टुब्ब करायचे आणि काका मला आणखी खाली सोडतच राहायचे, आवाज झाल्यासारखा वाटेपर्यंत. नाकातोंडात पाणी जायचं हो माझ्या! विहिरीच्या भिंती पाझरत्या, त्यामुळे मी नेहमीच चिंब होऊन वर यायचे. कुणाला काही कळलं नाही. पाणी खोल गेलं, एवढंच काका सांगत.

त्या वर्षी पाऊस कमी पडणार होता आणि नदीही हडकली होती. त्यात विहीरही आटतेय म्हटल्यावर काकांच्या धाकट्या बहिणीच्या लाँड्रीचा पंप हंगामभर बंद होणार होता. दुसऱ्याच दिवशी अंदाज जाहीर व्हायचा होता. ती बिचारी रिकाम्या टबाच्या काठावर बसून म्हणाली, “दादा, एकदा पुन्हा मोज ना रे.”

काका तडकले. “माझ्या मापावर शंका घेतेस?” पण गेले. बरोबर त्यांची मुलगीही आली. मी खाली उतरले आणि टुब्ब केलं.

“बाबा, थांबा! लागलं पाणी.”

“कुठे लागलं? आवाज तर झाला नाही.”

“झाला, बाबा.”

काकांचा चेहरा पडला. “म्हणजे मीच बहिणीच्या पोटावर पाय द्यायला निघालो होतो,” ते पुटपुटले. मला तर रडूच आलं.

मुलीने मला थोडं वर ओढलं आणि काकांच्या बोटावरून सोडलं. “कान राहू द्या,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली. “बोटाला विचारा.”

इतक्या हळू मी कधीच उतरले नव्हते. पाण्याला टेकले आणि क्षणभर सैल पडले. काकांनी मला जागच्या जागी धरलं.

“लागलं!” ते ओरडले. “अगं, लागलं पाणी!”

काकांच्या आधीच्या मापापेक्षा पाणी चांगलं पुरुषभर वर होतं. अंदाजात आलं: पाऊस कमी, नदी रोडावलेली, पण जमिनीत मागचं पाणी शिल्लक आहे, जपून वापरा. लाँड्री अर्धा दिवस का होईना, चालू राहिली.

आता माझे आकडे पुसट झालेत. मुलीकडे नवं यंत्र आहे. पाणी लागलं की ते किंचाळतं. मी खुंटीवर असते. तरी अंदाजाच्या आदल्या दिवशी ती मला कोरड्या फडक्याने पुसते, काकांना घेऊन विहिरीवर येते आणि यंत्राबरोबर मलाही त्यांच्या बोटावरून खाली सोडते.

मित्रांनो, जमिनीतलं पाणी दिसत नाही म्हणून उपसत सुटू नका. टेप गुंडाळताना पीळ पडू देऊ नका. आणि ज्याचे कान गेलेत त्याच्यावर ओरडू नका, त्याचा हात धरा. यंदा यंत्र किंचाळण्याआधीच काका हळूच म्हणाले, “लागलं.”