हौद्याचं अस्तर

‘क्लच हळू सोड, पोरी. हळू. गाडीला कळू दे, तू काय करतेयस ते.’

मिठाच्या ढिगांमधल्या मोकळ्या पट्टीवर फार पूर्वी ऐकलेला तो आवाज आजही तिच्या कानात उठला आणि तिने डावा पाय अलगद वर घेतला. नवी कोरी पिकअप मागे मागे सरकत वर्कशॉपच्या दारातून आत शिरली. ज्यांचा तो आवाज, ते सासरे शेजारीच बसले होते. आता ते काही सांगत नसत. नुसतं आरशात बघत, आणि भिंत जवळ आली की त्यांचा उजवा पाय त्यांच्या बाजूचा, नसलेला ब्रेक दाबी.

“बास, बास!” बाहेरून कुणीतरी गाडीच्या अंगावर थाप मारली. “आणखी मागे आलात तर आमच्या भिंतीला अस्तर लावावं लागेल.”

माल भरायच्या गाड्यांचे हौदे आतून फवारून द्यायचे, पत्र्यावर रबरासारखं चिवट अस्तर चढवायचं, हे त्या माणसाचं काम. अंगातल्या डगल्यावर काळ्या थेंबांचं नक्षत्र उमटलेलं, गळ्यात दोरीला लटकणारी कानातली बुचं. कॉम्प्रेसरच्या शेजारी जन्म गेल्यामुळे समोरच्याशीही तो पलीकडच्या गल्लीतल्या माणसाशी बोलावं तसा बोले.

“काय वाहता, आजोबा?”

“मीठ.”

“काय?”

“मीठ!” सासरे आणि सून एकदमच ओरडले आणि एकमेकांकडे बघून हसले.

“मग उशीर केलात.”

“अहो, गाडी काल संध्याकाळी आलीये!”

“तेच म्हणतो मी. मिठाला एक रात्र पुष्कळ झाली.”

सासऱ्यांना हे इतकं पटलं की त्यांनी उभ्या उभ्या जुन्या गाडीची कहाणी काढली. तिचा तळ मिठाने असा खाल्ला होता, की मागे बसलं तर पायाखालचा रस्ता पळताना दिसे. एकदा त्या भोकाच्या काठावर एक पोतं फाटलं आणि वाटभर मिठाची पांढरी रेघ सांडत राहिली. दारात गाडी उभी करून बघतात, तर मागे गुरांची ही रांग, रेघ चाटत चाटत घरापर्यंत आलेली.

“आणि ही आतून म्हणते कशी, ‘बाबा, किती जण आहेत? चहा टाकू का?’”

अस्तरवाला पोट धरून हसला. तीही हसली. ही गोष्ट ती कितीदा ऐकत आली होती आणि दर वेळी याच ठिकाणी हसत आली होती.

तिच्या खिशात फोन थरथरला. तिने वरूनच त्यावर तळवा ठेवला, रडू पाहणाऱ्या मुलाच्या तोंडावर ठेवावा तसा.

न बघताही तिला ठाऊक होतं. डोंगरापलीकडच्या शाळेच्या बाईंचा फोन. शाळेला बससाठी ड्रायव्हर हवी होती. राहायला आवारातच खोली. तिने बस चालवून दाखवली होती. मागे पोरांचा गलका, गाणी, एकाच्या उलटीचा वास, आणि उतरताना एका चिमुरडीने काहीही कारण नसताना तिला आपला खोडरबर दिलेला. इतकी वर्षं तिने न बोलणारा माल वाहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा माल बोलला. ‘दुपारपर्यंत कळवा,’ बाईंनी काल सांगितलं होतं, ‘मग मला दुसरीला बोलवावं लागेल.’

“दाढ का गं?” सासऱ्यांनी विचारलं.

“अं? नाही. बरी आहे.”

“दाढ दुखतेय तिची,” त्यांनी अस्तरवाल्याला सांगितलं. “सांगणार नाही कुणाला. तिचा स्वभावच तो.”

बस चालवायला गेली, त्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून निघाली होती. तेव्हापासून ती जरा गप्प झाली, की सासरे तिच्या गालाकडे बघत. तेव्हापासून घरात भातही तिच्या दाढेसाठी मऊ होत होता.

अस्तरवाल्याने भिंतीवरचे नमुने खाली काढले. हातभर लांबीचे पत्र्याचे तुकडे, त्यांवर काळं अस्तर: एक पातळ, एक जाड, एक गुळगुळीत, एक खरबरीत. त्याने हातोडी उचलली आणि जाड तुकड्यावर दाणकन हाणली. हातोडी उसळून परत आली. पत्र्याला काही नाही.

“गाडी मरेल, आजोबा, पण हिचं पोट मरणार नाही.”

“आणि नंतर काढायचं झालं तर?” तिने विचारलं.

“काय?”

“काढायचं झालं तर!”

“काढायचं?” त्याने मान हलवली. “हे निघत नाही, ताई. फवारायच्या बंदुकीच्या तोंडातून बाहेर पडतं आणि तुम्ही श्वास घ्यायच्या आत पत्र्याचं होऊन जातं. एकदा बसलं की गाडीबरोबरच जाणार.”

“मग तो ट्रे बघू या ना, बाबा. नुसता आत ठेवायचा प्लास्टिकचा. हवा तेव्हा उचलता येतो. उद्या गाडी विकायची झाली तर...”

“विकायची?” सासऱ्यांनी अशा नवलाने विचारलं, की जणू तिने घर चाकांवर ठेवायची गोष्ट काढली होती. “विकायची कुणाला? तुझी गाडी आहे. मी गेलो तरी तू चालवशील.” मग अस्तरवाल्याकडे वळून, जरा मान ताठ करून म्हणाले, “तिच्याच नावावर घेतलीये. सुनेच्या.”

तिने नमुना उलटा केला आणि पुन्हा सुलटा केला.

एखादा शब्द तरी वाकडा बोलले असते, तर सोपं झालं असतं. मुलगा आजारात गेला तेव्हा या माणसाने सुनेला ना माहेरी धाडलं, ना कोपऱ्यात बसवलं. ड्रायव्हर टिकेना, तेव्हा ‘चार दिवसांपुरती मी चालवते’ असं तीच म्हणाली होती, आणि त्यांनी तिला मिठाच्या ढिगांमध्ये नेऊन गाडी शिकवली होती. चार दिवसांचं स्टिअरिंग हाताला चिकटून राहिलं. मीठ उन्हात वाहिलं, मीठ वाऱ्यात वाहिलं, पाठीवर वाळलं, नखांत राहिलं. ‘तू माझा मुलगाच,’ ते चारचौघांत म्हणत, आणि ऐकणारे तिच्याकडे अशा कौतुकाने बघत, की तिला हलायला जागा उरत नसे. वाईट घराचं दार आपटून जाता येतं. या घराला आपटायला दारच नव्हतं.

“ट्रेचं सांगतो,” अस्तरवाला म्हणाला. त्याने टेबलाखालून एक पत्रा ओढून काढला. “हा एका मासळीवाल्याच्या गाडीचा तळ. वरून ट्रे कसा, आरशासारखा. राणीसारखी गाडी. त्या माणसाने कधी उचलून बघितलाच नाही. खाली पाणी शिरत होतं, मुरत होतं, बाहेर यायला वाट नाही. बोट लावा.”

तिने बोट लावलं. पत्रा बिस्किटासारखा आत गेला. लाल भुकटी तिच्या बोटाला लागून राहिली.

“आवाज नाही, काही नाही,” तो म्हणाला. त्याच्यासारख्या माणसाने म्हटलं म्हणून की काय, ते फार हळू म्हटल्यासारखं वाटलं.

“ते राहू दे,” सासरे म्हणाले. त्यांनी खरबरीत नमुना हातात घेतला होता. त्यावर ते पुन्हा पुन्हा तळवा फिरवत होते. “यावर पोती सरकणार नाहीत. पण ही आत गुडघ्यांवर बसून पोती ओढते हो. हिचे गुडघे सोलून निघतील.” त्यांनी तो खाली ठेवला, गुळगुळीत उचलला. “हा घे, पोरी. गुडघे टेकव यावर. बघ लागतं का. आता जन्मभर तुलाच तिथे बसायचंय.”

नमुना त्यांनी जमिनीवर ठेवला. खरंच ठेवला. तिला वाकून त्यावर गुडघा टेकवावा लागला.

“लागत नाही,” ती म्हणाली आणि उठली. “मी हात धुऊन येते.”

मागच्या बाजूला नळ होता. बोटाची लाली धुतली तरी ती उभी राहिली. नळाच्या वर हातभर खिडकी, खिडकीला जाळी, जाळी काळ्या थेंबांनी बुजलेली. फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने तो बाहेर काढला, बाईंचं नाव वाजून वाजून विझेपर्यंत बघितलं. आतून सासऱ्यांचा आवाज येत होता. ते विचारत होते, पाणी जायची भोकं बुजणार नाहीत ना. आणि अस्तरवाला ओरडत होता, की आजोबा, त्यांना आधी टेप लावतो, पाण्याला वाट ठेवल्याशिवाय आम्ही बंदूक हातात धरत नाही. सासरे नीट विचारत होते. एकेक गोष्ट, जपून, आपल्यानंतरचा विचार करून. तिने फोन खिशात टाकला.

आत आली ती सरळ गाडीपाशी.

“फवारायचंच,” ती म्हणाली. “जाड. गुळगुळीत. कडा मागच्या फाळक्यापर्यंत घ्या, फाळक्याच्या आतूनही द्या. मीठ तिथेच साठतं.”

सासऱ्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग तोंड दुसरीकडे करून नाक शिंकरलं.

“इथली धूळ,” ते म्हणाले.

“अजून कुठे धूळ?” अस्तरवाला म्हणाला. “धूळ तर आता होणार.” त्याने फाळका खाली पाडला आणि तिच्यापुढे खरखरीत घासणी धरली. “चढा, ताई.”

“मी?”

“आमच्याकडची रीत आहे. चकचकीत पत्र्याला हे धरत नाही. आधी सगळा रंग घासून खरबरीत करायचा, मग फवारायचं. मागे एका गृहस्थांची गाडी अशीच घेतली. सगळं सांगितलं होतं त्यांना. ते चहा पिऊन परत आले, नवी गाडी ओरखडलेली बघितली आणि इथे, या जागेवर, मोठ्या माणसाने रडू नये तसे रडले. म्हणे, मला आधी का नाही सांगितलं! तेव्हापासून ठरवलं. पहिला ओरखडा मालकाच्या हातचा. मग नंतर कुणी म्हणायला नको, मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

“द्या इकडे, मी मारतो,” सासरे हौसेने पुढे झाले.

“तुम्ही मालक नाही, आजोबा. आत्ताच तर सांगितलंत.”

सासऱ्यांनी हात वर केले, हरल्यासारखे, पण चेहरा जिंकल्याचा. ती हौद्यात चढली. आत ऊन होतं आणि नव्या रंगाचा वास. तळात तिचं तोंड दिसत होतं, पाण्यात दिसावं तसं. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला सासरे. फाळक्याच्या कडेवर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते. मिठाने भेगाळलेल्या त्या बोटांना आता काही धरायचं उरलं नव्हतं, अशी ती तिथे सैल पडली होती.

“मार, पोरी. भिऊ नको. माझा घोर आज संपला बघ. तू आणि गाडी, दोघींची सोय झाली.”

ती गुडघ्यांवर बसली. घासणी पत्र्याला लावली आणि थांबली. अस्तरवाल्याने कानात बुचं घातली; त्याला आता इथलं काही ऐकू येणार नव्हतं.

मग तिने घासलं. केबिनच्या भिंतीपासून फाळक्यापर्यंत, एका दमात, सगळ्या अंगाचा भार देऊन. रंग किरकिरला. तळात दिसणाऱ्या तोंडावरून पांढरी रेघ गेली. तिने दुसरी ओढली, तिसरी ओढली. अस्तरवाला हातांनी पुरे पुरे करत होता. ती कोपऱ्यात शिरली, जिथे घासायचं मशीन पोचत नाही, चाकांच्या उंचवट्यामागे, आणि तिथलंही घासलं, नीट, कुणासाठी तरी नीट करून ठेवावं तसं.

“बघा,” सासरे हसत म्हणाले, “काम हातात घेतलं की असंच हिचं. आता कुणी ओढलं तरी उठायची नाही.”

ती सरकत सरकत फाळक्याशी आली. हातांवर, पापण्यांवर बारीक भुकटी बसली होती. त्यांचे हात समोरच होते. तिने घासणी खाली ठेवली.

“बाबा, गाडी टिकेल. चांगला ड्रायव्हर मिळेपर्यंत मी मीठ वाहीन. त्याला रस्ते दाखवीन, गिऱ्हाइकं दाखवीन. पण मला शाळेची बस चालवायला बोलावलंय. डोंगरापलीकडे. मी तिथे राहणार.”

फाळक्यावरची बोटं आवळली गेली. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांचं तोंड किंचित उघडलं, आणि ते काय विचारणार हे तिला त्यांनी विचारायच्या आत कळलं.

“नाही, बाबा. कुणी काही बोललं नाही. तुमच्याकडून कुठे काही कमी पडलं नाही,” ती म्हणाली. “मलाच जायचंय.”