केरबाच्या दारात थांबलेली हलगी

मित्रांनो, आकारामच्या घरात खुंटीला टांगलेली ही जुनी हलगी म्हणजे मी. माझं कातडं सैल पडलंय आणि खरं सांगायचं तर मीही दमलेय. कुणी हौसेनं बोट मारलं तरी आता नको वाटतं.

एके काळी माझा थाट होता. आकारामच्या वडिलांनी लोखंडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणून मला घडवलं. वाजवण्याआधी आकाराम मला जाळावर शेकायचा, मग मी अशी कडाडायचे की कुस्तीच्या मैदानात पैलवानांच्या अंगावर काटा यायचा. वरातीत मी, पालखीपुढे मी, आणि माणूस गेलं की पंचगंगेच्या घाटापर्यंतही मीच. प्रत्येकाचा ठेका वेगळा. मयताचा संथ ठेका आमच्या पेठेत लहान पोरालाही कळतो. तो ज्या दारात थांबतो, त्या घरातलं माणूस गेलेलं असतं.

बाहत्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती. महापालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या पेठेतून केरबा उभा राहिला. भला माणूस, गल्लीत नळ यावा म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारा. त्याच्यावर बोट ठेवायला जागा मिळेना, तेव्हा समोरच्या पार्टीनं त्याची तिरडी काढायचं ठरवलं. गवताचा पुतळा केला, त्याला केरबाच्या पत्रकातला फोटो चिकटवला. आकारामला मिरवणूक एवढंच सांगितलं होतं. तिरडी त्याला चौकात दिसली. जित्या माणसाला हे वाजवत न्हाईत, असं म्हणून तो मागे सरला.

"अरं, गंमत हाय," ते म्हणाले. "इलेक्शनात सगळं चालतंय."

शब्द दिलेला, भोवती दांडगी माणसं. तो मयताचा ठेका वाजवत निघाला.

केरबाच्या दारात ठेका थांबला. आत त्याची बायको धोंडुबाई भाकरी थापत होती. छातीत कळ येतेय म्हणत केरबा सकाळी न जेवताच प्रचाराला गेला होता. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली, तिरडीवर नवऱ्याचा फोटो बघितला, कपाळ पुसलं आणि उंबऱ्यावर हात आपटून सगळी काकणं फोडली. तिरडी तिथंच टाकून सगळे पांगले. तो धडधाकट हाय, असं शेजारणी सांगत होत्या, पण तिला पटेना. केरबा सायकलवरून आला, तरी ती त्याच्याकडे बघतच राहिली.

कासारणीनं तिला नवी काकणं भरली. पण नवऱ्याला घराबाहेर पाठवताना तिचा जीव पुन्हा कधी थाऱ्यावर राहिला नाही.

केरबा निवडणुकीत पडला. पुढच्या निवडणुकीला त्याचीच माणसं तसलीच सुपारी घेऊन आकारामकडे आली, आता काय बोलावं! त्यानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मग काही वर्षांनी केरबा खरोखरच गेला. आकाराम न बोलावता मला घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. धोंडुबाईनं माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"आकाराम, ह्यांचं कवाच वाजवून झालंय की. आता गप जाऊ दे त्यास्नी."

केरबा हलगीशिवाय घाटावर गेला. आम्ही मागून मुक्यानं चाललो. तेव्हापासून मी खुंटीवर आहे.

मित्रांनो, मला तेल लावा, माझी धूळ झाडा, असं काही मी म्हणत नाही. उद्या मतं मागायला निघालात आणि माझ्यासारखी एखादी हाताला लागली, तर खुशाल वाजवा. पण ज्याच्या दारात वाजवाल, त्याच्या घरात कुणीतरी भाकरी थापत असतं, एवढं ध्यानात ठेवा.